आढळले नाही

दादाने पाठवलेली पीडीएफ ४१२ पानांची होती. सोबत एकच ओळ : "तू याच फील्डमधली ना, जरा नजर टाक."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. तो आणि वहिनी मध्य न्यू जर्सीत राहतात, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. वहिनीला स्वतःचं डे-केअर काढायचं होतं. त्यासाठी तिने इथलं शिक्षण घेतलं, चार वर्षं दुसऱ्यांच्या डे-केअरमध्ये नोकरी केली, आणि आता दोघांनी मिळून कोपऱ्यावरची एक जागा पाहिली होती. चौकात, सकाळी ऑफिसला जाणाऱ्या आईबापांच्या वाटेवर, पुढे मोकळं अंगण. अशी मोक्याची जागा वर्षानुवर्षं रिकामी का, याचं उत्तर या देशात थोडे दिवस राहिलं की आपोआप कळतं. चौकातल्या रिकाम्या जागेवर पूर्वी बहुतेक वेळा गॅस स्टेशन असतं. गॅस म्हणजे आपलं पेट्रोल.

'याच फील्डमधली' हे मात्र अर्धसत्य. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रयोगशाळेतून माती-पाण्याच्या तपासणीच्या ज्या फायली येतात त्या वाचून, सरकारी मानकांशी ताडून, तक्ते छापणारं सॉफ्टवेअर माझी कंपनी बनवते. पर्यावरण सल्लागार ते तक्ते आपल्या अहवालाला जोडतात. प्रत्यक्ष जमिनीशी माझा संबंध एका दिवसाचा. नोकरीला लागले त्या वर्षी आम्हा नव्या मुलांना एका जुन्या गॅस स्टेशनच्या जागेवर नेलं होतं, आपण कशाचे आकडे हाताळतो ते तरी बघा म्हणून.

तो दिवस चांगला लक्षात आहे. ट्रॅक्टरच्या आकाराचं एक यंत्र पोकळ नळी जमिनीत ठोकत होतं. प्रत्येक खेपेला नळीच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर मातीसकट बाहेर यायचं. आमच्यासोबतची भूशास्त्रज्ञ बाई, पन्नाशीची, गुडघ्यावर बसून ते अस्तर चाकूने उभं चिरायची आणि त्यावरून हातातल्या मीटरचं तोंड फिरवायची. वरची पाच-सहा फूट माती तपकिरी, मीटर गप्प. मग एकदम माती करडी-हिरवट झाली आणि मीटरवरचे आकडे पळायला लागले. वासही आला. ताज्या पेट्रोलचा झणझणीत वास नव्हे, जुन्या गॅरेजच्या कोपऱ्यात येतो तसा, शिळा. त्या टाक्या काढून वीस वर्षं होऊन गेली होती. बाईंनी करड्या मातीचा बोटभर तुकडा बाटलीत घातला, बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली, आणि एका कागदावर वेळ टाकून सही केली. ती बाटली ज्या ज्या हातांतून जाईल त्या प्रत्येकाची सही त्या कागदावर होते. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. आमच्या कोडलाही असा इतिहास असतो, कोणती ओळ कोणी कधी लिहिली त्याचा. तो इतिहास पुढे माझ्याच अंगावर येणार होता.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गाड्या वाढल्या तसे चौकाचौकांत पंप आले, आणि प्रत्येक पंपाखाली साध्या पोलादाच्या टाक्या पुरल्या गेल्या. ओल्या जमिनीतलं उघडं पोलाद गंजणारच. १९८४ साली काँग्रेसने पहिल्यांदा जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला, १९८८ मध्ये नियम आले, आणि मालकांना २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली : टाकी सुधारा, बदला, नाहीतर बंद करा. नोंदल्या गेलेल्या गळत्यांची देशभरातली संख्या आजवर साडेपाच लाखांच्या वर गेली आहे. बहुतेक ठिकाणची सफाई झाली, पन्नास हजारांहून अधिक जागा अजून बाकी आहेत. दादाच्या जागेवरच्या टाक्या मुदतीच्या वर्षभर आधी, १९९७ मध्ये निघाल्या होत्या. नंतर तिथे टायरचं दुकान होतं, मग काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी मालकाने विकायच्या तयारीने भूजलाची तपासणी करून घेतली. तोच हा अहवाल.

मजकुरात शेवटी एक वाक्य होतं : कोणतंही रसायन राज्याच्या मानकापेक्षा जास्त आढळलेलं नाही. पुढे नकाशे, मग तक्ते, आणि त्यानंतर प्रयोगशाळेची मूळ पानं, जी कोणी वाचत नाही. मी तक्ता उघडला आणि ओळखला. राखाडी शीर्षकपट्टी, आकडा मानकाच्या वर गेला की पिवळी होणारी चौकट, खाली बारीक अक्षरांतली तळटीप : 'एनडी म्हणजे आढळले नाही'. ती तळटीप मी टाइप केलेली होती. तक्त्यात पिवळी चौकट एकही नव्हती.

तिसऱ्या विहिरीत झायलीन सातशेच्या घरात होतं, मायक्रोग्रॅम प्रति लिटर. न्यू जर्सीचं मानक १०००, म्हणजे पास. बेंझीनपुढे एनडी. पेट्रोलमधल्या घटकांपैकी ज्याला सगळे घाबरतात ते बेंझीन. त्याने माणसाला रक्ताचा कर्करोग होतो याबद्दल वाद नाही. ते नाही म्हटल्यावर पीडीएफ बंद करायला हरकत नव्हती. पण नोकरीमुळे एक गोष्ट मला ठाऊक होती. नमुन्यात एखादं रसायन भरपूर असलं तर यंत्राच्या मोजपट्टीबाहेर जातं, म्हणून प्रयोगशाळा पाणी मिसळून नमुना पातळ करते. पातळ केलं की झायलीन नीट मोजता येतं, पण जे मुळातच थोडं आहे ते दिसेनासं होतं. मी मूळ पानांत गेले. पान २८८ : नमुना २० पट पातळ. बेंझीन : '२० यू'.

'यू' म्हणजे सापडलं नाही. आणि २० म्हणजे, विसाच्या वर असतं तरच सापडलं असतं. पाण्यात १९ असतं तरी तक्त्यात 'आढळले नाही' असंच छापलं गेलं असतं. राज्याचं मानक आहे १.

पूर्वी आमच्या तक्त्यात हा आकडा दिसायचा. तीन वर्षांपूर्वी काही ग्राहकांची तक्रार आली : न सापडलेल्या रसायनापुढे '१ यू' असं आलं की आमचा क्लायंट तो १ बघतो आणि घाबरतो, सरळ एनडी छापा. काम माझ्याकडे आलं. मी ते अर्ध्या दिवसात केलं, आणि त्याच झपाट्यात मानकाशी तुलना करणाऱ्या भागात एक अट टाकली : 'यू' असेल तर तुलना करू नको. जे सापडलंच नाही त्याची तुलना कशाशी करायची? दोघा सहकाऱ्यांनी कोड पाहिला आणि मान्य केला. आमच्या चाचण्यांमध्ये सगळीकडे 'यू'च्या पुढे अर्धा किंवा एक असे सभ्य आकडे होते. २० कोणाला सुचलाच नाही.

हे लिहिताना मला सारखं वाटतंय की कोणी लपवलं ते सांगावं, पण लपवलं कोणीच नव्हतं. प्रयोगशाळेने २० लिहिला होता, पान २८८ वर. अहवालावर सही करणाऱ्या अनुभवी माणसाने तक्ता पाहिला. तक्त्याने मी सांगितलं ते केलं.

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात या प्रश्नावर केवढा खल झालाय ते मला फार उशिरा कळलं, या प्रकरणानंतर वाचायला घेतलं तेव्हा. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळतं? घडा असण्याचं ज्ञान डोळ्यांनी होतं, पण 'नसणं' डोळ्यांना कसं दिसणार? नैयायिक म्हणतात, तेही प्रत्यक्षानेच कळतं. कुमारिल भट्टांच्या मार्गाने जाणारे मीमांसक आणि अद्वैतवेदान्ती म्हणतात, नाही, त्यासाठी वेगळं प्रमाण लागतं : अनुपलब्धी, म्हणजे न सापडणं. प्रभाकराचे मीमांसक हे प्रमाण मानत नाहीत. वाद मोठा आहे आणि त्यात पडायची माझी तयारी नाही. पण अनुपलब्धी मानणारेही तिला एक अट घालतात, आणि ती अट वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. कसलीही अनुपलब्धी चालत नाही, योग्य अनुपलब्धी लागते. घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. बौद्ध तर्कज्ञांनी तर पिशाचाचंच उदाहरण घेतलं : जे स्वभावतःच दिसत नाही ते दिसलं नाही म्हणून ते नाही, हे सिद्ध होत नाही.

'यू'च्या आधीचा आकडा म्हणजे ही योग्यता होती. खोलीत उजेड किती होता ते सांगणारा. मी तो पुसला आणि 'घडा नाही' एवढंच ठेवलं.

ही झाली ज्ञानाची बाजू. दोषाचं काय? विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ मध्ये लिहिलेला विश्वासाच्या नीतीवरचा निबंध प्रसिद्ध आहे. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. मालकाला शंका येते, पण तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी केल्या, हीही करेल. मनापासून विश्वास ठेवून तो प्रवाशांना निरोप देतो, जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचं म्हणणं, हा माणूस दोषी आहे, कारण असा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता. पुढे तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तसूभरही कमी होत नाही.

हे वाचून आधी मला हायसं वाटलं. मी जहाजमालक नव्हे, माझा विमा नव्हता, मला शंकाही आली नव्हती. पण नीट पाहिलं तर शंका यायची जागाच मी काढून टाकली होती, आणि तीही 'क्लायंट घाबरतो' म्हणून. क्लिफर्डच्या गोष्टीत सगळी शंका आणि सगळा फायदा एकाच माणसाकडे आहे, म्हणून न्याय सोपा. इथे उजेड कमी होता हे प्रयोगशाळेला माहीत, घाबरायचं नाही हे विकणाऱ्याला माहीत, मानक १ आहे हे सल्लागाराला माहीत, आणि या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी येतात ती जागा म्हणजे माझी एक ओळ. आमच्या जहाजाला मालक सात, आणि त्यातला एकही जहाजावर नाही.

मी दादाला फोन केला. पुन्हा तपासणी करून घ्यायला हवी म्हटलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "एजंट म्हणतो रिपोर्ट क्लीन आहे. खणायला गेलं की काहीतरी निघतंच. निघालं की कळवावं लागतं. कळवलं की वर्ष जातं."

झाकली मूठ सव्वा लाखाची. गंमत अशी की इथला कायदा नेमका याच म्हणीच्या विरुद्ध उभा आहे. न्यू जर्सीत १९७६ पासूनच्या कायद्यानुसार सांडलेल्या तेलाची जबाबदारी सांडणाऱ्यावर आहेच, पण १९९३ नंतर जागा घेणाऱ्याला प्रदूषणाची माहिती असली किंवा असायला हवी होती असं ठरलं, तर तोही पूर्ण जबाबदार. 'मला माहीत नव्हतं' हे म्हणण्याचा अधिकार कमवावा लागतो : आगीच्या विम्यासाठी काढलेले शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे, ज्यांत टाक्या छोट्या वर्तुळांनी दाखवलेल्या असतात, जुन्या गावसूची, विमानातून घेतलेली छायाचित्रं, शेजाऱ्यांशी बोलणं, गरज पडली तर माती-पाणी. निरागसपणाला पात्रता-परीक्षा लावणारा कायदा मला पहिल्यांदा विनोदी वाटला होता. आता तो कुमारिलांच्या बाजूचा वाटतो : नाही म्हणायचं असेल तर आधी दिवा लाव.

पण दादाची बाजू खोटी नव्हती. तो म्हणाला, "गावातला जुना पंप मोडला, तिथे मंगल कार्यालय झालं. माझी मुंज तिथेच. आपण सगळे जेवलो. कुणाला काय झालं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. वहिनीने नोकरी सोडली होती, इसाराची रक्कम भरलेली होती. जगात सगळीकडे माणसं कशाकशावर घरं बांधून राहतात, आणि ज्याला तपासणी परवडते त्याच्याच जमिनीत प्रदूषण 'असतं', ही विचित्र गोष्ट खरीच आहे.

निर्णय वहिनीने घेतला. ती फोनवर आली आणि म्हणाली, "अगं, आम्हाला कोर्समध्ये ते फ्रँकलिनव्हिलचं शिकवलं होतं." दक्षिण न्यू जर्सीत एक डे-केअर थर्मामीटरच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत चालत होतं. २००६ मध्ये हवेत पारा सापडला आणि ते बंद झालं. मुलांच्या शरीरातही पारा गेलेला निघाला. पुढल्याच वर्षी राज्याने डे-केअरच्या परवान्यासाठी जागेची तपासणी सक्तीची केली. म्हणजे परवान्याच्या वेळी कोणीतरी पान २८८ उघडलंच असतं, कदाचित. त्या 'कदाचित'च्या भरवशावर राहण्याचा मोह मला झाला होता हे कबूल करते. कुणी उघडलं असतं तर माझी ओळही आपोआप, माझ्यावाचून, उजेडात आली असती.

नवीन नमुना, या वेळी पातळ न करता आधी एकदा आणि पातळ करून पुन्हा. बेंझीन : ३.१.

एकोणीस नव्हे, शून्यही नव्हे. माझी नैतिक गोष्ट या आकड्याने पार विस्कटून टाकली. पिण्याच्या पाण्याचं केंद्रीय मानक आहे ५. डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियात, भूजलासाठी राहत्या जागेलाही ५ च लागू आहे. पाऊण तासाच्या अंतरावर हेच पाणी स्वच्छ. आमच्या तीरावर १, आणि हा १ कुठून आला ते तर आणखी मजेदार. आरोग्याच्या हिशोबाने राज्याने काढलेला आकडा ०.२ आहे. पण प्रयोगशाळा तितकं कमी खात्रीने मोजू शकत नाहीत, खात्रीने १ पर्यंत मोजू शकतात, म्हणून मानक १. म्हणजे जिथपर्यंत दिसतं तिथपर्यंतच दोष. मी ज्या चुकीने कासावीस झाले होते तिचीच थोरली बहीण थेट कायद्यात बसलेली, फरक एवढाच की कायद्याने ते उघड लिहून ठेवलंय.

आणि ०.२ तरी कुठून आला? तो दहा लाखांत एक या हिशोबाने : आयुष्यभर रोज ते पाणी प्यायल्यास कर्करोगाचा जास्तीचा धोका दहा लाखांत एकापेक्षा वाढू नये. न्यू जर्सीने हा आकडा कायद्यात घातला आहे. त्याचा इतिहास शोधला तर तो जमिनीत नाही, मांसात सापडतो. १९६१ मध्ये मँटेल आणि ब्रायन या दोघांनी 'जवळजवळ सुरक्षित' म्हणजे दहा कोटींत एक असं सुचवलं. १९७३ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने जनावरांना दिलेल्या औषधांचे मांसात उरणारे अंश मोजायला तोच प्रस्ताव मांडला, आणि १९७७ मध्ये नियम पक्का करताना दहा लाखांत एक करून टाकला. शंभर पटींचा फरक, चार वर्षांत. मी हे हेटाळणीने सांगत नाही. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि ओढणाऱ्याला ती मनमानी आहे हे माहीत असतं. पण पिवळी चौकट बघणाऱ्याला ते माहीत नसतं. मी स्वतः पाच वर्षं ती चौकट रंगवतेय, मलाही नव्हतं.

शिवाय ते पाणी कोणी पिणार नव्हतं. त्या भागात नळाचं पाणी येतं. जमिनीतले जिवाणू ऑक्सिजन मिळाला की बेंझीन खातात. कॅलिफोर्नियातल्या गळत्यांच्या १९९५ च्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या अभ्यासात दिसलं की बेंझीनचा पट्टा सहसा अडीचशे फुटांपलीकडे जात नाही, थांबतो आणि आकसतो. (पेट्रोलमधलं एमटीबीई मात्र असं थांबत नाही. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला त्याच्यापायी आपल्या निम्म्या पाण्याला मुकावं लागलं. आणि ते घातलं गेलं होतं आधी शिशाऐवजी, मग हवा स्वच्छ राहावी म्हणून. त्यावर वेगळा लेख होईल.) वाफ वर येऊन खोलीत शिरेल का, हा मुलांच्या दृष्टीने खरा प्रश्न. केंद्रीय पर्यावरण संस्थेचं २०१५ चं मार्गदर्शन सांगतं की पाण्यात विरघळलेल्या प्रदूषणावर सहा फूट स्वच्छ माती असेल तर सहसा वाफ वाटेतच संपते. दादाच्या जागेवर पाणी नऊ फुटांवर आहे.

मग आम्ही कोणत्या धोक्यावर एवढं भांडत होतो? न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरतो. माझ्या रस्त्यावरच्या पंपावर एक पंजाबी काका आहेत, बारा-बारा तास उभे असतात, गाडी थांबली की खिडकीशी येऊन कार्ड घेतात. बेंझीनच्या वाफेसाठी कामगारांचं १९८७ चं केंद्रीय मानक आहे, पण त्यातून पंपावरची पेट्रोलविक्री वगळलेली आहे. चौकात आज चालू असलेला पंप आणि तीस वर्षांपूर्वी बंद झालेला पंप, यांत आम्ही दुसऱ्याच्या विहिरी मोजतो. काकांसाठी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ताच नाही, त्यामुळे पिवळ्या चौकटीचा प्रश्नच येत नाही. त्यांचं बेंझीन 'आढळले नाही' सुद्धा नाही, ते विचारलेलंच नाही.

तरीही ३.१ ने माझी सुटका होत नाही असं माझं मत आहे. दादा म्हणाला, "बघ, एवढंसंच निघालं." क्लिफर्डच्या भाषेत, जहाज बंदराला लागलं, किंवा थोडंसं गळत लागलं. पण मी ती अट लिहिली तेव्हा पाण्यात ३ आहे की ३० हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते माहीत नसल्याचंही कळू नये अशी व्यवस्था मी केली. ३.१ चं काय करायचं हे वहिनीने ठरवावं, मुलांच्या आईबापांनी ठरवावं. ती मोठी माणसं आहेत. एनडीमध्ये त्यांच्यापर्यंत प्रश्नच पोचत नव्हता. धोका छोटा होता म्हणून प्रश्न परस्पर मिटवायचा अधिकार मला मिळतो, हे मला पटत नाही.

कोड दुरुस्त करायला चाळीस मिनिटं लागली. आता 'यू'च्या आधीचा आकडा मानकापेक्षा मोठा असेल तर चौकट निळी होते आणि आकडा छापला जातो. पुढच्या अहवालांचं भागलं. पण आधीच्या तीन वर्षांत छापलेले तक्ते? ज्या ग्राहकांचा डेटा आमच्याच सर्व्हरवर असतो त्यांच्यापुरती एक क्वेरी चालवली की कळेल : किती ठिकाणी न सापडलेल्याची मर्यादा मानकाच्या वर होती आणि आम्ही गप्प राहिलो. सहा ओळींची क्वेरी. मी ती लिहिली आणि मॅनेजरला विचारलं.

तो चांगला माणूस आहे, हे मुद्दाम सांगते. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "अजून चालवू नकोस. चालवली की आपल्याला माहीत होईल. माहीत झालं की सांगावं लागेल. आधी कायदा विभागाशी बोलू दे."

दादाच्या एजंटचं वाक्य, जवळजवळ शब्दशः. आणि या वेळी जागा आमची होती.

मला वाटलं होतं मी ताडकन काहीतरी बोलेन. बोलले नाही. घरी येऊन दोन दिवस ती फाइल उघडून बसत होते. एंटर दाबणं तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं, कोणी अडवलं नसतं. पण तो डेटा आमचा नाही, ग्राहकांचा आहे, आणि त्यांच्या फायलींत परवानगीशिवाय शिरणं हाही एक प्रश्नच. चोरून दिवा लावण्याची ती तऱ्हा मला नको होती, आणि ती नको आहे म्हणून मी घाबरतेय की खरंच बरोबर वागतेय, हेही मला नीट सांगता येईना. तिसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सविस्तर मेल लिहिली : चूक काय, कोणत्या तारखेपासून, अट कोणी लिहिली (मी), उदाहरण म्हणून २० पट पातळ केलेला एक नमुना, विहिरीचा पत्ता न देता. शेवटी लिहिलं की क्वेरी न चालवता सुद्धा चूक आहे हे आपल्याला आता माहीत आहे. किती ठिकाणी, एवढंच माहीत नाही.

मेल गेल्यावर मात्र 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय कुणालाच उरली नाही, आणि ते मी मुद्दाम केलं. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. कायदा विभागाचं उत्तर आठवड्याने आलं. आम्ही क्वेरी चालवायची नाही. सगळ्या ग्राहकांना सूचना जाईल, सोबत ती क्वेरी त्यांच्या स्क्रीनवर एका बटणाच्या रूपात, दाबायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. हे अर्धं आहे. किती जण दाबतील कुणास ठाऊक. सूचनेच्या मसुद्यात 'प्रदर्शनातील सुधारणा' असा शब्द होता, तो बदलून 'चूक' करावा म्हणून माझी चौथी मेल काल गेली आहे.

जागेचा व्यवहार अजून लटकलेला आहे. मालकाने राज्याला कळवलंय आणि तो दादावर चिडलेला आहे. तपासणीचा खर्च कुणाचा यावर वकिलांचं चाललंय. वहिनी म्हणते, किंमत उतरली आणि वाफेची तपासणी नीट आली तर ती अजूनही घेईल, आणि ३.१ चा कागद दारातच लावेल. दादा म्हणतो, मग एकही मूल येणार नाही. मंगळवारी सकाळी सात वाजता मातीतल्या वाफेचे नमुने घ्यायला माणसं येणार आहेत. वहिनीने मलाही बोलावलंय.